पुस्तकावर लिहिलेलं पत्र

४ फेब्रुवारी

बटण,

आशीर्वाद आधी, बातमी नंतर, असं तुझे आजोबा सांगायचे. मी आज उलटं करतेय. पुस्तक संपलं. दोनशे बारा पानं. काल दुपारी शेवटची ओळ तपासून झाली आणि खुर्चीतच पाय पसरून बसले. चार वर्षं लागली. एवढ्या वेळात मी गावभरचे कोट शिवून दिले असते.

तुला माहीतच आहे, शिवणशाळेला पुढच्या सत्रापासून एक पाठ्यपुस्तक लावायचंय. उमेदवार दोन: मी आणि तक्तेमास्तर. त्यांनी माझ्याबरोबर तिथे पंचवीस वर्षं शिकवलं, पण एकाही माणसाला स्वतःहून टेप लावला नाही. भिंतीवर तक्ता टांगलेला. छाती एवढी, तर खांदा एवढाच. माणूस तक्त्यात बसला नाही, तर चूक माणसाची. त्यांचं पुस्तक लागलं तर पुढची वीस वर्षं त्या शाळेतून आखूड बाह्यांचे कोट बाहेर पडतील. मी मरेन, पण ते कोट घालून लोक माझ्या अंत्ययात्रेला येतील.

पंधरा मार्चपर्यंत पुस्तक शाळेत पोचायला हवं. पुष्कळ वेळ आहे. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, मग आपलं भांडण होतं. पत्र लिही. माझं पत्र बघ किती सुबक आलंय, तू शिकवलेल्या पद्धतीने लिहिलंय.

तुझी आत्या


८ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. ग्रंथालयात मोठ्याने वाचायला बंदी आहे आणि ती पाटी मीच लावलीय. त्या म्हणाल्या, हे पुस्तक आलं की पहिली नोंद त्याच करणार. इथे आम्ही नव्या इमारतीत हलतोय, चाळीस हजार पुस्तकं खोक्यांत भरायचीत. रजेचं नाव काढलं तरी साहेब दाराकडे बघतात. नाहीतर आजच निघाले असते. दोन दिवसांचा प्रवास काय जड नव्हता मला.

आता एक काम आजच्या आज कर. मागच्या खेपेला मी तुला पेन ड्राइव्ह दिला होता, त्याच्यावर पुस्तक कॉपी करून ठेव. कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहून कम्प्युटरला चिकटवलंय. केलं असशीलच म्हणा. तुझ्या हस्तलिखित वह्याही आहेतच. पण तू दहा वेळा मापून एकदा कापणारी बाई, अकराव्यांदा मापलंस तर काय बिघडलं.

बाबांना सांगितलं. म्हणाले, माझी बहीण लहानपणी माझी एकुलती पँट उसवून शिवायला शिकली, त्याचा उल्लेख पुस्तकात आहे का ते विचार.

बटण


११ फेब्रुवारी

बटण,

हे पत्र हाताने लिहितेय, त्यावरून काय ते ओळख. पुस्तक गेलं.

तुझं पत्र आलं तसा पेन ड्राइव्ह काढला. तो बटणांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता. इतका जपून की एकदाही वापरला नाही. कम्प्युटर लावला, ‘पुस्तक’ नावाची फाइल उघडली. पहिली ओळ: आशीर्वाद आधी, बातमी नंतर. मला वाटलं चुकीची फाइल उघडली. बंद केली, परत उघडली. तेच. दीड पान, खाली ‘तुझी आत्या’. बाकी कोरं.

मग उमगलं. तुला पत्र लिहायचं तर मी जुन्या पत्राची फाइल उघडते, आतलं सगळं पुसते आणि त्याच जागी नवीन लिहिते. अक्षराचा आकार नि समास तू लावून दिलेत, नव्या पानावर मला ते जमत नाहीत. त्या दिवशी ‘पत्र’ उघडायच्या ऐवजी खालची ‘पुस्तक’ उघडली गेली. पहिल्या पानावर माझं मनोगत आहे, ‘प्रिय मुलींनो’ असं सुरू होणारं. चष्मा कपाळावर. मला वाटलं तुला लिहिलेलंच जुनं पत्र. सगळं निवडलं, पुसलं, आणि माझं पुस्तक संपलं ही बातमी माझ्याच पुस्तकावर लिहिली.

वह्यांचं विचारलंस. एकेक धडा टाइप झाला की त्याची पानं मी कागदी नमुने कापायला घ्यायचे. कागद चांगला जाड होता. माझे चार वर्षांचे धडे आता मुलींच्या घरी कॉलर आणि खिसे होऊन पडलेत.

बत्तीस दिवस उरलेत. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ते खोटं आहे. जमीन तिथेच असते, आपणच तिच्यात जातो. काल संध्याकाळपासून भाजी चिरायलासुद्धा हात चालत नाहीत. माझ्यामागे काय राहणार असं कुणी विचारलं तर मी या एका फाइलकडे बोट दाखवणार होते.

आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र वाचत असशील तिथेच ठेव, जा आणि कम्प्युटरची वायर भिंतीतून काढ. मग पुढचं वाच.

काढलीस? आता ऐक. आमच्या ग्रंथालयात कम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आहे, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण यंत्राकडे बघून तो आधी ‘हूं’ म्हणतो आणि मग बराच वेळ काही बोलत नाही. त्याला सगळं सांगितलं. तो ‘हूं’ म्हणाला. मग म्हणाला, फाइलवर दुसरं लिहिलं म्हणजे जुनं लगेच नाहीसं होतं असं नाही. तू कापडावरची खडूची रेघ झटकतेस, तरी ती अंधूक दिसत राहते ना? तसं. पण त्या जागी नवीन काही लिहिलं गेलं की खरंच जातं. आणि कम्प्युटर नुसता चालू ठेवला तरी तो आपल्या मनाने काही ना काही लिहीत असतो.

म्हणून त्याचा एकच प्रश्न आहे. चार तारखेपासून आजपर्यंत त्या यंत्रावर तू काय काय केलंस? सगळं लिही. मला ‘काहीच नाही गं’ असं उत्तर नकोय. मी तुला चौतीस वर्षं ओळखते.

बटण


१७ फेब्रुवारी

बटण,

काहीच नाही गं, असं लिहून मी एक पान फाडलं. आता खरं लिहिते.

एक. अकरा तारखेला तुला पत्र टाकून आल्यावर मी पहिला धडा आठवून परत टाइप करायला बसले. तीन पानं झाली आणि रडू आलं. सेव्ह केलं.

दोन. पत्त्यांचा खेळ खेळले. किती वेळ ते विचारू नकोस. मन रमवायला दुसरं काय होतं.

तीन. हे तुझ्या बापाला सांगायचं नाही. तेरा तारखेला तो कम्प्युटरचा डबा चादरीत बांधून हातगाडीवर घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून न बघताच सांगितलं, बाई, हे सगळं साफ पुसून नवीन टाकून देतो, एकदम झक्कास चालेल. मी म्हटलं, मला झक्कास नको, माझं पुस्तक पाहिजे. तो म्हणाला, पुस्तक काय, परत लिहा. तोवर त्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतलासुद्धा. मी तो डबा त्याच्या टेबलावरून उचलला, बटण. एकटीने. पासष्टाव्या वर्षी. गाडीवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. आगीतून निघून फुफाट्यात पडायची वेळ आली होती.

वायर काढलीय. वर टेबलक्लॉथ घातलंय. आता डॉक्टर काय ‘हूं’ म्हणतो ते कळव.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

डॉक्टर तुझ्या पत्रावर हसला, आणि तो हसताना इथे कुणी पाहिलेला नाही. म्हणाला, डबा उचलला तेच मोठं काम झालं. बाकीचं चालण्यासारखं आहे.

सोबत दोन पेन ड्राइव्ह आहेत. लाल दोरा बांधलेल्यात औषध आहे, म्हणजे शोधणारा प्रोग्राम. निळा दोरा बांधलेला रिकामा आहे. सापडेल ते त्यात भरायचं. जे सापडेल ते कम्प्युटरवरच ठेवलंस तर आपणच आपल्या पुस्तकावर माती टाकू, एवढं लक्षात ठेव. डॉक्टरने पायऱ्या लिहून दिल्यात, मी त्या तुझ्या भाषेत लिहिल्यात. ‘ड्राइव्ह निवडा’ असं जिथे असेल तिथे मी ‘कापडाचा गठ्ठा निवडा’ असं लिहिलंय, गोंधळू नकोस.

पण त्याआधी एक छोटी तपासणी. तुझा कम्प्युटर लावून देताना मी एक खूण केली होती: दर वेळी सेव्ह केलं की आधीची एक प्रत बाजूला ठेवायची. ‘बॅकअप’ नावाच्या कप्प्यात बघ. तिथे पुस्तक असेल तर पुढचं काहीच करायला नको. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं होऊ नये.

आणि एक मला सांगायचंय. जुनी फाइल उघड, पूस, तिथेच लिही, ही पद्धत मी शिकवली. पाच मिनिटांत शिकवून होईल अशी सोपी युक्ती म्हणून. गाडी पकडायची घाई होती मला. तुझा चष्मा कपाळावर होता हे खरं, पण कात्री मीच तुझ्या हातात दिली होती. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

बटण


२५ फेब्रुवारी

बटण,

बस आधी. खुर्चीवर, खोक्यावर नको.

बॅकअपचा कप्पा उघडला. फाइल होती. उघडली. आशीर्वाद आधी, बातमी नंतर. तेच पत्र, फक्त खाली ‘तुझी आत्या’ नाही. मग लक्षात आलं. टाका घातला की गाठ मारायची, ही माझी सवय. दोन ओळी झाल्या की मी सेव्ह करते. ते पत्र लिहिताना मी निदान दहा वेळा सेव्ह केलं असेल. तुझी खूण बिचारी दर वेळी आधीची प्रत बाजूला ठेवत गेली आणि मी दर वेळी तिच्या डोक्यावर नवीन टाकत गेले. बाजूला ठेवलेलं पुस्तक मी दुसऱ्याच गाठीला घालवलं होतं. तेव्हा मी उठले, खिडकी उघडली आणि तुला, मला, कम्प्युटरचा शोध लावणाऱ्याला, सगळ्यांना नावं ठेवली.

मग लाल दोरा. सकाळी नऊला लावला. एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. जेवायला उठले नाही. दोन वाजता थांबली. चारशे सतरा फाइली. नावं नाहीत, नुसते आकडे. पहिली उघडली, पत्त्यांच्या खेळातलं काहीतरी. दुसरी उघडलीच नाही. तिसरी उघडली आणि समोर ‘धडा चौथा: बाहीचा गोलावा’.

अगं, गाठ मारायची ती सवय. दर दोन ओळींना सेव्ह केलं, त्या प्रत्येक वेळची टाकलेली प्रत यंत्राच्या पोटात कुठे ना कुठे पडलेली होती. कुठे चाळीस पानांची, कुठे नव्वद, कुठे मधूनच फाटलेली. माझं पुस्तक एकदा हरवलं होतं आणि शेकडो वेळा सापडलं. डॉक्टरने लिहिलं होतं, वजनाप्रमाणे लावा, सगळ्यात जड फाइल वर. लावल्या. दुसऱ्या नंबरला दोनशे बारा पानं. शेवटच्या ओळीपर्यंत. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. मी टेबलावर डोकं ठेवून इतकी रडले की शेजारीण विचारायला आली, कुणी गेलं का. म्हटलं, नाही, आलं.

निळ्या दोऱ्यात आहे ते. शिवाय छापखान्यात जाऊन एक प्रत कागदावर काढली. ती उशाखाली आहे.

आता दुसरी गोष्ट. सगळ्यात जड फाइल वेगळीच होती. नावाच्या जागी अठ्ठ्याऐंशीचा आकडा, दोनशे एकतीस पानं. पुस्तक दोनशे बाराचं, मग ही एकोणीस कुठून आली? उघडल्यावर आठवलं. तो मी नोव्हेंबरात काढून टाकलेला धडा आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, मुलींना आधी सरळ अंगाचं शिकवा, वाकडंतिकडं नंतर. मी मान डोलावली आणि घरी येऊन तो पुसला. तुला बोलले नाही, कारण तो तुझ्यावर आहे.

तू नऊ वर्षांची असताना तुझ्या पाठीच्या कण्याला डावीकडे बाक येतोय असं खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. फार नाही, म्हणाले, जाईल. तो बाक गेला नाही. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. मी तुझ्या बापाशी ठरवलं की पोरीला हे आरशात दिसता कामा नये. त्यानंतरच्या पहिल्या फ्रॉकपासून मी तुझ्या उजव्या खांद्याखाली कापसाची घडी घालत आले आणि डावी बाजू वेगळ्या उतारावर कापत आले. दोन खांदे, दोन मापं. अंगाला जसं आहे तसं मानून कापड कसं कापायचं, ते मी तुझ्यावर शिकले. मला जे येतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्या एकोणीस पानांत आहे, आणि तेच मी भिऊन काढलं.

आता दोन्ही माझ्यापुढे आहेत. दोनशे बारा की दोनशे एकतीस? अंग तुझं आहे. तू म्हणशील ते. तोवर शाळेत काही देत नाही.

आत्या


४ मार्च

आत्या,

उत्तराला उशीर झाला. पोस्टाचा दोष नाही. पत्र वाचलं आणि तीन दिवस तुझ्यावर रागावले होते.

मी इथे आल्यापासून तयार कपडे घेते. प्रत्येक कोट उजवीकडे लोंबतो. पाच दुकानं बदलली. एका दुकानदाराशी तर मी भांडले, म्हटलं तुम्हाला साधा खांदा कापता येत नाही. बिचारा म्हणत होता, बाई, कोट सरळच आहे. आता त्याच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ? इतकी वर्षं तू माझी मापं घेतलीस आणि त्यातलं एक मला कधी सांगितलं नाहीस. बाबांना फोन केला. ते म्हणाले, तुझी आत्या दर वेळी ती घडी घालताना म्हणायची, पोरगी ताठ चालली पाहिजे.

काल घरी दार लावून आरशापुढे उभी राहिले, कोट काढून. खरंच बोटभर आहे. बराच वेळ बघत होते. त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं, आत्या. माझाच खांदा होता तो. नऊ वर्षांची असताना कदाचित भ्याले असते, म्हणून तुला माफ केलं.

धडा घाल. सगळी एकोणीस पानं घाल. दोन्ही खांद्यांची मापं खरी दे. आणि ‘एक मुलगी’ असं लिहिलं असशील तर ते खोड. ‘माझी भाची’ असं लिही.

बटण


२० मार्च

बटण,

बारा तारखेला पुस्तक दिलं. दोनशे एकतीस पानं. मुख्याध्यापिकांनी चाळलं, शेवटच्या धड्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, हा धडा काढायचं ठरलं होतं ना? म्हटलं, काढला होता, कम्प्युटरने परत दिला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

काल निर्णयाचा दिवस. मी आणि तक्तेमास्तर, दोघांनी मुख्याध्यापिकांसमोर अर्धा अर्धा तास वर्ग घ्यायचा. बावीस मुली. मास्तरांनी तक्ता टांगला, छान बोलले, मुलींनी आकडे उतरवून घेतले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, काही लोकांनी शंभरात एखाद्या वाकड्या अंगासाठी आख्खा धडा लिहिलाय, पण शाळा शंभरातल्या नव्व्याण्णवांसाठी असते. मुली हसल्या. पण तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं.

मी खडू घेतला आणि म्हटलं, एकेकीने यायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि पुढचीने तिच्या दोन्ही खांद्यांशी दोन रेघा मारायच्या. पहिली आली. डावी रेघ वर, उजवी खाली. मुली म्हणाल्या, नीट उभी राहा गं. दुसरी आली. तिचीही तीच गत. चौथीपर्यंत हसू होतं, दहावीपर्यंत मुली आपापले खांदे चाचपायला लागल्या. ज्या मुलीला सगळ्या सडसडीत, देखणी म्हणतात, तिच्या रेघांत सगळ्यात जास्त अंतर निघालं आणि ती स्वतःच खो खो हसायला लागली. बावीस मुली, बावीस जोड रेघा, आणि सारखी जोडी एकही नाही.

मग मी म्हटलं, मास्तर, या. ते म्हणाले, मला काय करायचंय. मुलींनी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांचा डावा खांदा पाऊण बोट खाली. त्यांच्या कोटाला डाव्या काखेत ती चुणी का पडते, हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं, पण विचारल्याशिवाय सांगणार कशी? ते भिंतीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, मला वाटायचं इस्त्री नीट होत नाही. मला त्यांची दया आली. त्यांचा कोट मी दुरुस्त करून देणार आहे.

मी खडू खाली ठेवायला गेले तेवढ्यात मुख्याध्यापिका उठल्या. भिंतीपाशी गेल्या, पाठ लावून उभ्या राहिल्या आणि एका मुलीला म्हणाल्या, मार रेघ.

पुस्तक लागलं, बटण. पुढच्या सत्रापासून. त्यांनी फक्त एक बदल सांगितला. म्हणाल्या, हा भाचीचा धडा शेवटी नको. मुलींना आधी हेच शिकू दे. पहिला घ्या.

तुझी आत्या